काठी पाण्यात असेपर्यंत

दिगू, तुझ्या तेराव्याला जेवायला आलेल्यांपैकी निदान सात-आठ जणांनी मला सांगितलं, की तू भाग्यवान. आवडत्या जागी गेलास. समोर समुद्र, अंगावर कोवळं ऊन, हातात काठी. नळ्या नाहीत, सुया नाहीत, कुणाला उठबस करावी लागली नाही. असं शांत मरण मागूनही मिळत नाही, असं तुझ्या चुलतभावाने सांगितलं आणि त्याच दमात वाढप्याकडे आणखी एक जिलेबी मागितली. मी मान हलवली. माझ्या त्या मान हलवण्याचा अर्थ फक्त तुला कळायचा. तू असतास तर ओळखलं असतंस, की मास्तर आता आतल्या आत त्या माणसाच्या पानातली जिलेबी उचलून खिडकीबाहेर फेकतोय.

शांत मरण. शांत बेट. शांत माणूस. या शब्दाची मला आता चीड आली आहे. मी तिथे होतो. तुझ्यापासून पंधरा पावलांवर, पाठ टेकायला बऱ्यापैकी दगड बघून, गुडघ्यावर पुस्तक ठेवून बसलो होतो. ते शांत नव्हतं. आवाज झाला नाही एवढंच.

तुमच्या मंडळाच्या मुलांनी स्मरणिकेसाठी तुझ्यावर दोन पानं मागितली आहेत. तुझा जन्म, मालवणकडचं गाव, विक्रोळीच्या कारखान्यातली फिटरची छत्तीस वर्षं, हे सगळं दुसरं कोणीतरी लिहील. माझ्याकडून ते होणार नाही. तुझ्याबद्दल चांगलं लिहायला बसलो की दुसऱ्याच ओळीत मला तुझ्याशी भांडायचं असतं. आपलं ते अर्धवट राहिलेलं भांडण आधी संपू दे. नंतर चांगलं लिहिता आलं तर लिहीन.

तुला मी तू म्हणतोय हे आईला आवडलं नसतं. आपण भांडुपच्या शाळेत एका बाकावर बसलो, तरी तू माझ्या बहिणीशी, शैलाशी लग्न केलंस त्या दिवसापासून तिने मला सक्त ताकीद दिली, की यापुढे भावोजी म्हणायचं आणि अहो-जाहो करायचं. आपण ते पाळलं. घरात भावोजी, हळदीकुंकवाला भावोजी, दवाखान्यात आईच्या उशाशी भावोजी. मढची जेट्टी मागे पडली आणि धर्मा तांडेलाच्या बोटीचं इंजिन लयीत आलं, की मग दिगू. परत येताना जेट्टीला दोर लागला की पुन्हा भावोजी. धर्माला याची फार गंमत वाटायची. जेट्टी दिसली की तो मागून ओरडायचा, "मास्तर, आता तोंड सांभाळा." आज मी मुलुंडला माझ्या टेबलाशी बसलोय, आजूबाजूला पाणी नाही, तरी तूच म्हणणार आहे. भावोजींवर मला एवढं रागावता येत नाही.

एकोणीस वर्षं आपण त्या बेटावर गेलो. बेट कसलं, एक काळा खडक, त्याच्या डोक्यावर थोडं गवत आणि वाऱ्याने वाकलेली दोन झुडपं. कोळ्यांचं त्याला त्यांचं नाव आहे, आपण त्याला बोडका म्हणायचो. दर पंधरवड्याला अष्टमीच्या आसपास, भांगाचे दिवस आले की, म्हणजे भरतीचा जोर कमी असतो तेव्हा, जवळचा रविवार धरून तू पहाटे स्कूटर घेऊन माझ्या इमारतीखाली यायचास. हॉर्न वाजवू नकोस असं मी पहिल्या वर्षी सांगितलं होतं. तू हॉर्न वाजवायचा बंद केलास आणि खालून हाका मारायला लागलास. दोन काठ्या पाठीला बांधलेल्या, दोन्ही तुझ्याच, पायाशी बर्फाचा डबा, आमिषाच्या सोलटांची, म्हणजे बारक्या कोळंबीची, पिशवी हँडलला. मी मागे बसून मालाड येईपर्यंत तुझं बोलणं ऐकायचो. हेल्मेटमधून अर्धंच ऐकू यायचं, पण तुला त्याने फरक पडत नसे.

बोडक्याभोवती खडकांचं कडं आहे. भरतीचं पाणी त्यावर असेपर्यंतच बोट आत येते. म्हणून धर्मा आपल्याला सातच्या सुमाराला उतरवायचा, थोडा वेळ बाहेर जवळच घुटमळायचा आणि साडेआठच्या आत आपल्या जाळ्यांकडे निघून जायचा. मग खडक उघडे पडायचे आणि दुपारी तीन-साडेतीनपर्यंत त्या खडकावर आपण दोघं, पाणकावळे आणि खेकडे. काही अडचण आली तर काठीला लाल पंचा बांधून उभी करायची, असं त्याच्याशी ठरलं होतं. तो पंचा तुझ्या पिशवीत असायचा. एकोणीस वर्षांत तो आपण फक्त घाम पुसायला वापरला.

आता नियमाचं. हे मला लिहायलाच हवं, कारण ते आपल्या दोघांखेरीज कुणाला माहीत नव्हतं. पहिल्या-दुसऱ्या खेपेलाच मला कळलं होतं, की मासा मिळाला नाही तरी तुला चालतं, ऐकणारा मिळाला की झालं. आणि मी तिथे यायचो ते आठवडाभराच्या वाचनालयातल्या पोरांच्या कलकलाटातून सुटायला. तेव्हा मी म्हटलं, काठी पाण्यात असेपर्यंत बोलायचं नाही. जो आधी बोलेल त्याने घरी गेल्यावर सगळे मासे साफ करायचे. तू हात पुढे केलास आणि म्हणालास, "झकास. तू तयारीला लाग." मग गरी टाकलीस आणि दहा मिनिटांत म्हणालास, "मास्तर, तो मधला पाणकावळा बघ. डिट्टो आपले हेडसर."

तू हरलास. पुढच्या खेपेला हरलास, त्याच्या पुढच्या खेपेला हरलास. एकोणीस वर्षं तू हरत राहिलास. कधी पाणकावळ्यावरून, कधी लांबून जाणाऱ्या मोठ्या जहाजावरून, कधी नुसतंच, "काय उन्हं पडलीत रे," म्हणून. मी पुस्तकातून मान वर न करता बोट दाखवायचो, म्हणजे हरलास. तुला वाटायचं मी हसत नाही. पुस्तक तोंडासमोर धरलेलं असताना हसलेलं दिसत नाही, एवढंच त्याचं कारण होतं. संध्याकाळी तुझ्या घरी मोरीत विळी घेऊन तू शिंगाळे आणि गोबरे साफ करायचास, आणि मी बाहेर आरामखुर्चीत चहा पीत आतून येणारं तुझं बोलणं ऐकायचो. शैलाने एकदा विचारलं होतं, नेहमी तुम्हीच का. तू तिला सांगितलंस, "त्याला जमत नाही गं. सगळी कोवळी बोटं, पानं उलटायची." पैजेचं तू तिला कधी सांगितलं नाहीस. मला कमीपणा येऊ नये म्हणून, की आपलं आपल्यात राहावं म्हणून, ते मला आता कळायची सोय नाही. विचारायचं राहिलं.

आता तू गेलास त्याच्या आधीच्या खेपेच्या रविवाराकडे येतो.

तू दगडावर बसला होतास, काठी पाण्यात होती, मासा लागत नव्हता. मी एका जाडजूड ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणात होतो. तू म्हणालास, "मास्तर, एक सांगायचं होतं." मी बोट वर केलं. तू म्हणालास, "अरे, तसलं नाय. ऐक ना." तुझा आवाज नेहमीचा नव्हता, हे मला आज स्पष्ट ऐकू येतं. तेव्हा मला फक्त माझं वाक्य तुटल्याचं ऐकू आलं. मी पुस्तक मिटलं आणि म्हणालो, "दिगू, एकोणीस वर्षं झाली. एक दिवस. एक दिवस तरी तोंड बंद ठेवून दाखव."

तू माझ्याकडे बघितलंस. मग म्हणालास, "बरं."

परतीच्या वाटेवर तू स्कूटरवर काही बोलला नाहीस. जोगेश्वरीपासून पवईपर्यंत एक शब्द नाही. आणि मला ते बरं वाटलं, दिगू. तलावाजवळून जाताना मी मागच्या सीटवर बसून विचार करत होतो, की शेवटी याला अक्कल आली.

त्या दिवशी घरी जाऊन तू शैलाला काय सांगितलंस, ते मला तू गेल्यानंतर दहा दिवसांनी कळलं. ते पुढे सांगतो. त्याआधी तो दिवस.

तू त्या सकाळी फार खुशीत होतास. बोटीत धर्माला सांगितलंस, की आज साक्षीदार राहा, आज मास्तर हरणार. मग माझ्याकडे वळून म्हणालास, "आज तुला हरवतो. एक शब्द नाय तोंडातून." हे तुझं मला उद्देशून शेवटचं वाक्य. मी काय उत्तर दिलं माहीत आहे ना? मी म्हणालो, बघू.

तू उतरलास, आपल्या नेहमीच्या दगडावर बसलास, सोलट लावलंस, गरी टाकलीस. मी माझ्या जागी. खरोखरच तू बोलला नाहीस. दहा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. मला मजा वाटत होती. मी मधूनच पुस्तकावरून तुझ्याकडे बघत होतो, आता फुटेल, मग फुटेल. साधारण आठ वाजता तू माझ्याकडे बघून हात वर केलास. डावा हात, खांद्याच्या थोडा वर. पंजा उघडा. धर्माची बोट तेव्हा कड्याच्या बाहेर दिसत होती. मला वाटलं तू मला चिडवतोयस, बघ, किती वेळ झाला, अजून गप्प आहे. मी हातातलं पुस्तक हलवून तुला दाद दिली.

आणि परत वाचायला लागलो.

तो हात मी रोज बघतो. भाजी चिरताना बघतो, बँकेच्या रांगेत बघतो. तो नक्की काय म्हणत होता, हे मी शंभर तऱ्हांनी लावून बघितलंय. कदाचित खरंच चिडवत असशील. कदाचित वर पाणकावळा असेल. पण पंचा तुझ्या पिशवीत होता, पिशवी तुझ्या पायाशी होती, आणि तोंड तर तुझं तुझ्यापाशीच होतं, गाढवा. शाळेच्या बाकापासून सत्तावन्न वर्षं जे एक मिनिट बंद झालं नाही ते. एक हाक. मास्तर, एवढंच. मी हरलो, असं म्हणायचंस. मी उडी मारून उठलो असतो, धर्मा हाकेच्या अंतरावर होता, भरती होती. तू एकोणीस वर्षं फालतू गोष्टींसाठी हरलास आणि ज्या दिवशी हरायला हवं होतंस त्या दिवशी जिंकायला बसलास. कुणाशी जिंकत होतास? माझ्याशी? एका रिटायर ग्रंथपालाशी, मासे साफ करण्याच्या पैजेवर?

साडेअकराच्या सुमाराला प्रकरण संपलं. मी मान वर केली. तुझ्या काठीचं टोक वाकत होतं. चांगलं वाकत होतं, मोठा मासा होता. आणि तू ओढत नव्हतास. मला वाटलं डुलकी लागली. मी काही क्षण वाट बघितली, कारण बोललो असतो तर हरलो असतो. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच झालं. मग राहवेना म्हणून मी ओरडलो, "अरे लागलाय. ओढ."

त्या बेटावर, काठी पाण्यात असताना, तुझ्या आधी मी उच्चारलेले ते पहिले शब्द.

पुढचं लिहीत नाही. पंचा मीच बांधला. बोट आत येण्याइतकं पाणी नव्हतं, धर्मा ती बाहेर नांगरून कमरेएवढ्या पाण्यातून खडकांवर आपटत आला. त्याच्या दोन्ही नडग्या फुटल्या होत्या. तुझी तंगूस, ती गरीची दोरी, त्याने कोयत्याने तोडली. मासा कोणता होता हे मी बघितलं नाही. हे ऐकून तू माझ्यावर बाकी सगळ्यापेक्षा जास्त चिडला असतास.

दहाव्याला कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून आम्ही मागे सरतो न सरतो तोच आला. सगळे समाधानाने म्हणाले, काही राहिलं नव्हतं त्यांचं. मी कावळ्याकडे बघत राहिलो. तुझं राहिलं नव्हतं, छान. आमचं राहिलेलं कुणी खायचं?

त्या संध्याकाळी पाहुणे गेले, तुझी लेक खाली औषधं आणायला गेली, आणि स्वयंपाकघरात शैला माझ्याशी दहा दिवसांत पहिल्यांदा बोलली. तोपर्यंत ती माझ्याकडे बघतही नव्हती. मला वाटत होतं ते दुःखाने. ती ओट्याकडे तोंड करून म्हणाली, "दादा, तुला माहीत होतं. तरी तू त्यांना नेलंस."

मी विचारलं, काय माहीत होतं.

तिने कपाटातून फाईल काढून ओट्यावर ठेवली. तुझे कागद. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, ताबडतोब अँजिओग्राफी करून घ्या, धावपळ नको. तारीख त्या आधीच्या रविवारच्या दोन दिवस मागची. आणि तू, दिगंबर, तिला काय म्हणाला होतास, तर पावसाळ्यात करू. तसाही तेव्हा समुद्र बंद असतो, सीझन कशाला वाया घालवायचा. ती भांडली. तेव्हा तू म्हणालास, ठीक आहे, मी मास्तरला सांगतो, तो नको म्हणाला तर जाणार नाही. आणि त्या रविवारी घरी येऊन तिला सांगितलंस, "सांगितलं त्याला सगळं. तो म्हणाला, काळजी करू नको, मी लक्ष ठेवतो."

मी लक्ष ठेवतो.

ते वाक्य तू माझ्या तोंडी घातलंस. चांगलं वाक्य आहे, मी खरंच असंच म्हणालो असतो. आणि माझी बहीण दहा दिवस हे धरून बसली होती, की तिच्या भावाला सगळं ठाऊक होतं, त्याने शब्द दिला होता, आणि मग तो तिच्या नवऱ्याला घेऊन खडकावर गेला आणि पुस्तक वाचत बसला.

तिने विचारलं, "सांगितलं होतं ना त्यांनी तुला?"

मी म्हणालो, "हो."

का म्हणालो? पाच दिवस याचंच उत्तर शोधत होतो. स्वतःला आधी असं सांगितलं, की तुझ्यासाठी. तू जाऊन दहा दिवस झाले होते, तिला कसं सांगायचं की तुझा नवरा तुझ्याशी खोटं बोलला. पण ते पुरतं खरं नाही. नाही म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, का नाही सांगितलं. मग मला सांगावं लागलं असतं, की तो सांगायला आला होता आणि मी त्याला तोंड बंद ठेवायला सांगितलं. त्यापेक्षा हो सोपं होतं. एका खोट्यात आपण दोघं लपलो. शैलाने फाईल उचलून जागेवर ठेवली आणि तेरावं होईपर्यंत माझ्या पानात वाढताना तिची नजर एकदाही वर आली नाही.

बघ काय करून ठेवलंस. तू गेलास आणि तुझ्या खोट्याची राखण मला दिलीस. बाकी कुणाला दिली असतीस तर चाललं असतं, मला आहे एकच बहीण.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी धर्मा भांडुपला तुझ्या घरी आला. पहिल्यांदाच. पत्ता विचारत विचारत, पायाला पट्ट्या, हातात थर्माकोलचा डबा. मी तिथेच होतो, पेन्शनचे अर्ज भरत. धर्माने डबा दारात ठेवला, चप्पल काढायला तयार होईना. शैलाने पाणी दिलं ते उभ्यानेच प्यायला. म्हणाला, "दिगूभाऊचा वाटा हाय यो. आता घरान चालंल ना?" चालेल, शैला म्हणाली. तेरावं झालं होतं. तो गेला. डब्यात बर्फावर तांब होती, कोपरापासून बोटांपर्यंत लांब, अंगावर नाण्यांएवढाले खवले.

शैला ती घेऊन मोरीकडे निघाली. मी म्हटलं, ठेव, मी करतो.

तिने माझ्याकडे बघितलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. म्हणाली, "तुला जमतं?"

जमत नव्हतं. पण हरलेल्याने साफ करायचे, आणि मी हरलो होतो. आधी मी बोललो होतो. तू साक्षीदारसुद्धा नेमून ठेवला होतास.

मी पाटावर बसलो, विळीवर पाय दिला, मासा उलटा धरला. ती दारात उभी राहून सांगत होती. शेपटीकडून वर. दाबू नको, खरवड. पाठीवरचा पर आधी काप, नाहीतर हाताला लागेल. लागलाच. खवले मोरीभर उडाले, माझ्या चष्म्यावर बसले. मी नुसता खरवडत राहिलो. मग ती म्हणाली, "बोल काहीतरी. ते साफ करताना गप्प नसायचे. मोरीतून आवाज आला नाही की मला भीती वाटते."

मग मी बोललो, दिगू. मान खाली घालून, माशाकडे बघत. आधी पैज सांगितली. एकोणीस वर्षं मासे कोण साफ करायचं आणि का. मग तो रविवार सांगितला. तो म्हणाला, मास्तर, एक सांगायचं होतं, आणि मी काय म्हणालो, ते शब्दाला शब्द सांगितलं. मग म्हटलं, शैला, दहाव्याला तुला हो म्हणालो ते खोटं होतं, त्याने मला काहीही सांगितलं नव्हतं, कारण मी त्याला सांगू दिलं नाही. मग तो हात. तोही सांगितला. पुस्तक हलवल्याचं सांगितलं.

वरच्या मजल्यावर कुणीतरी नळ सोडला होता, त्याचा पाइपातून आवाज येत होता.

मग तिने विचारलं, "गप्प बसायचा असला नियम काढला कुणी?"

"मी," मी म्हणालो.

"त्यांना गप्प बसायला लावलंस," ती म्हणाली. "त्यांना." आणि तिला हसू आलं की रडू, ते मला कळलं नाही, कारण मी वर बघितलंच नाही. नंतर म्हणाली, "आणि ते माझ्याशी सरळ खोटं बोलले. चहा पिता पिता. वर म्हणतात, मास्तर आहे ना." तिचा आवाज चढला होता. तुझ्या घरात तो आवाज मी ओळखतो. तू उशिरा यायचास तेव्हाचा तो आवाज. आजवर तो तुझ्या वाट्याचा होता, आजही तुझ्याच वाट्याचा होता. तू ऐकायला नव्हतास एवढंच. पंधरा दिवस माझ्यावर रोखलेला तिचा राग थोडा वळला, थोडा माझ्यावर राहिला. राहू दे. तेवढा माझा आहे.

ती पुढे आली. पदर खोचून माझ्या हातातून मासा काढून घेतला, उलटासुलटा करून बघितला. म्हणाली, "ऊठ. वाट लावलीस त्याची."

मी उठलो नाही. बाजूला सरकलो फक्त. ती बसली, तिने पोट फाडलं, कल्ले ओढून काढले, आणि राहिलेले खवले काढायला मासा परत माझ्याकडे सरकवला. तेवढं मला जमत होतं. तसे आम्ही मोरीत बसलो होतो, दोघंही तुझ्यावर चिडलेले, आणि ती तुझी एकेक जुनी थाप आठवून सांगत होती. त्यातल्या निम्म्यांत मी तुला सामील होतो, हेही कबूल करावं लागलं.

येत्या अष्टमीला धर्मा बोट काढतोय. शैला येते म्हणाली आहे. एकोणीस वर्षांत आपण तिला एकदाही विचारलं नव्हतं, हे तिने मला त्याच मोरीत ऐकवलं. तुझी काठी आहे. मी पुस्तक नेणार नाही. धर्माने आम्हाला उतरवलं, की तुझ्या त्या दगडावर बसून मी पहिल्यांदा गरी टाकणार आहे, आणि ती पाण्यात असताना, पाणकावळे उडून जातील एवढ्या मोठ्याने, तुला जे काही बोलायचं आहे ते बोलणार आहे. संध्याकाळी मासे मी साफ करीन.